पंचवीस हजार फुटांवरून शेजारी

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हांला भेटावयास आला. मुलगा गुणी, वेदीसेवक म्हणून आमच्याच डोळ्यांसमोर वाढलेला आणि आता अभियंता झालेला. त्याच्या हाती एका कंपनीचे नियुक्तिपत्र होते. मानवरहित विमानाला दूरवरचे लक्ष्य अचूक दाखवून देणारी यंत्रणा घडविण्याचे ते काम होते. पगार उत्तम. घरी वडील निवृत्त झालेले, पाठची बहीण लग्नाची. अशा वेळी घरोघरी पेढे वाटावयाचे, तर हा मुलगा आमच्यापुढे मान खाली घालून बसला होता.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधून जर्मनीवर उड्डाण करणाऱ्या अमेरिकन वैमानिकांवर २०२४ साली एक इंग्रजी मालिका आली. ती त्याने रात्री जागून पाहिली होती. तो म्हणाला, “फादर, ती विमानं पडताना पाहून मला रडू आवरलं नाही. आणि मग एकदम मनात आलं, ज्यांच्यावर बाँब पडत होते ती माणसं आपल्याला दिसलीच नाहीत. मी जे यंत्र बनवणार आहे त्यातून तरी ती कुठे दिसणार? मग मी नेमका कोणासाठी रडलो?”

आम्ही त्याला सेमिनरीत शिकलेले उत्तर दिले. न्याय्य युद्धाच्या अटी सांगितल्या, दुहेरी परिणामाचे तत्त्व समजावले. दहा मिनिटांत सारे आटोपले. मुलाने नम्रपणे आभार मानले, छत्री उघडली आणि तो निघून गेला. भाकर मागणाऱ्याच्या हाती आपण दगड तर ठेवला नाही ना, ही रुखरुख मात्र आमच्या मनाला लागून राहिली. त्या रुखरुखीपोटी आम्ही त्या वैमानिकांविषयी वाचू लागलो. जे हाती लागले ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ती माणसे कोण होती ते पाहू. १७ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाच्या अवजड बाँबफेकी विमानांनी फ्रान्समधील रुआं शहरालगतच्या रेल्वे-यार्डावर पहिला हल्ला केला. त्यानंतर १९४५ च्या वसंत ऋतूपर्यंत पूर्व इंग्लंडच्या शेतांमध्ये उभारलेल्या धावपट्ट्यांवरून ही विमाने युरोपवर जात राहिली. ‘उडता किल्ला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बी-१७ विमानात साधारणतः दहा जण असत. मुख्य वैमानिक, सहवैमानिक, मार्ग आखणारा नॅव्हिगेटर, बाँब टाकणारा बॉम्बार्डियर, इंजिनियर, रेडिओ सांभाळणारा आणि बाकीचे मशीनगन चालविणारे. बहुतेकांनी नुकतीच विशी गाठलेली. काल शेतावर, दुकानात वा कॉलेजात असलेली ही पोरे.

विमान पंचवीस हजार फुटांवर जाई. आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. प्राणवायूची नळी तोंडाशी धरूनच श्वास घ्यावा लागे. ती गोठली अथवा तुटली तर काही मिनिटांत माणूस संपे. तापमान शून्याखाली चाळीस अंश आणि त्याहूनही खाली. उघडा हात लोखंडाला लागला तर कातडी तेथेच चिकटून राही. विमानाच्या पोटाखाली एक गोल बुरूज असे. त्यात अंगाचे मुटकुळे करून एक मुलगा तासन् तास टांगलेला असे आणि त्याच्या पायांखाली काचेपलीकडे सारा युरोप खंड असे.

सुरुवातीला पंचवीस मोहिमा पूर्ण करणाऱ्यास घरी परतण्याची मुभा होती. १९४४ साली हा आकडा आधी तीस आणि मग पस्तीस झाला. १९४३ साली मात्र पंचविसावी मोहीम पाहणारे थोडेच होते. त्या वर्षी १७ ऑगस्टला रेगेन्सबुर्ग आणि श्वाइनफुर्ट या दोन शहरांवरील कारखान्यांच्या हल्ल्यात साठ विमाने पडली. १४ ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफुर्टवरच हल्ला झाला आणि पुन्हा साठ विमाने पडली. एका गुरुवारी दुपारी सहाशे घरांतील अन्न गोड लागेनासे झाले. युद्धाच्या अखेरीस एकट्या आठव्या हवाई दलाचे सुमारे २६ हजार जण मृत्यू पावलेले होते आणि त्याहूनही अधिक शत्रूच्या कैदेत गेलेले होते. केंब्रिजजवळील अमेरिकन दफनभूमीत एक लांबलचक भिंत आहे. जे कोणाला सापडलेच नाहीत अशा पाच हजारांहून अधिक जणांची नावे तिच्यावर कोरलेली आहेत. त्यांत हवाई दलाची मुले पुष्कळ आहेत.

मोहिमेच्या दिवशी रात्र सरण्यापूर्वीच त्यांना उठवीत. भिंतीवरच्या नकाशावरील पडदा बाजूला झाला, की लाल दोरी कोठवर गेली आहे ते त्यांना कळे. मग कॅथलिक मुले सैनिकी धर्मगुरूकडे जात, पापक्षमा आणि ख्रिस्तप्रसाद घेत आणि अंधारात विमानाकडे चालू लागत. त्या धर्मगुरूच्या जागी आम्ही असतो तर, हा विचार या वाचनात आमच्या मनातून हटला नाही. गुडघे टेकलेल्या त्या मुलाला पापक्षमा नाकारण्याचे धैर्य आम्हांला झाले नसते. ते नाकारणे योग्यही ठरले नसते. पण आशीर्वाद देताना, ‘बाळा, आज तू कोठे चालला आहेस?’ असे आम्ही विचारले असते काय?

अमेरिकन सेनानींचा दावा असा होता, की आम्ही दिवसा उडतो, लक्ष्य पाहतो आणि कारखाना, गोदी, रेल्वे एवढ्यांवरच बाँब टाकतो. ब्रिटिश हवाई दल त्या वेळी रात्री शहरेच्या शहरे जाळीत होते. त्यापासून अमेरिकन स्वतःस वेगळे मानीत. नॉर्डेन नावाच्या लक्ष्यदर्शक यंत्रावर त्यांची भिस्त होती. लक्ष्याजवळ येताच बॉम्बार्डियर त्या यंत्राच्या साहाय्याने विमानाची दिशा आपल्या हाती घेई. पुढील काही मिनिटे, तोफांचे गोळे चहूकडे फुटत असतानाही, विमान जराही न वळता सरळ जाई. या दाव्यात प्रामाणिकपणा होता. पण युद्धानंतर अमेरिकन सरकारनेच नेमलेल्या पाहणी मंडळाने हिशेब मांडला, तेव्हा नेमक्या लक्ष्यावर नेम धरून टाकलेल्या बाँबांपैकी सुमारे वीस टक्केच लक्ष्याभोवतीच्या हजार फुटांच्या वर्तुळात पडल्याचे दिसले. उरलेले बाँबही कोठे ना कोठे पडलेच होते. सुक्याबरोबर ओलेही जळते, असे आपण म्हणतो. येथे पुष्कळदा ओलेच अधिक जळले.

पुढे तर प्रत्येक विमानाने नेम धरण्याचेही कारण उरले नाही. तुकडीतील आघाडीच्या विमानाने बाँब सोडले, की मागच्यांनी ते पाहून आपापली कळ दाबावयाची. ढग असतील तर रडारच्या पडद्यावरील अंधुक ठिपक्यावर सोडावयाचे. कळ दाबणाऱ्याने म्हणावे, नेम माझा नव्हता. नेम धरणाऱ्याने म्हणावे, शहर मी निवडले नव्हते. शहर निवडणाऱ्याने म्हणावे, मी तर जमिनीवर खुर्चीत होतो. पिलाताला हात धुण्यासाठी पाण्याचे एक भांडे पुरले होते. येथे प्रत्येकापुढे वेगळे भांडे ठेवलेले होते.

आता आपण १० ऑक्टोबर १९४३ या दिवसाकडे वळू. तो रविवार होता. त्या दिवशीचे लक्ष्य होते वेस्टफालिया प्रांतातील म्युन्स्टर हे जुने कॅथलिक शहर. सूचनासभेत मुलांना सांगण्यात आले, की नेम शहराच्या मध्यावर धरावयाचा आहे, कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर. शहरात रेल्वेचे मोठे जंक्शन होते आणि रेल्वेचे कामगार मध्यवस्तीत राहत. त्यांची घरे नष्ट केली म्हणजे रेल्वे खोळंबेल, असा हिशेब होता. म्हणजे या वेळी घर हेच लक्ष्य होते.

त्या सभेतील प्रतिक्रिया नोंदलेल्या आहेत. धार्मिक प्रॉटेस्टंट घरात वाढलेला एक नॅव्हिगेटर आपल्या वरिष्ठांकडे गेला आणि हे आपल्याच्याने होणार नाही असे म्हणाला. लष्करी न्यायालयाची धमकी मिळाल्यावर तो गेला. याउलट जॉन ईगन हे मेजर होते. त्यांचा जिवलग मित्र दोनच दिवसांपूर्वी ब्रेमेनवर पडला होता. रजा अर्धवट टाकून ते मित्राचा सूड घेण्यासाठी परतले होते. लक्ष्य ऐकून ते इतरांसोबत उठून जयघोष करू लागले. त्याच दिवशी त्यांचेही विमान पडले. पुढे झागानच्या बंदिछावणीत ज्याचा सूड घ्यावयाचा तो मित्रच त्यांना जिवंत भेटला.

त्या दिवशी तीस विमाने पडली. थॉर्प अॅबट्स येथील हंड्रेड्थ बॉम्ब ग्रुपची बारा विमाने परतलीच नाहीत. लक्ष्यापर्यंत जाऊन आलेले एकच, रॉबर्ट रोझेनथाल यांचे. खाली शेकडो नागरिक मेले. कॅथेड्रलची आणि बिशपनिवासाची मोठी हानी झाली. त्या निवासातील बिशप मात्र बचावले. त्यांचे नाव क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन.

हे नाव आमच्या वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. १९४१ सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये याच बिशप महोदयांनी म्युन्स्टरच्या व्यासपीठावरून हिटलरच्या राजवटीस उघड आव्हान दिले होते. ती राजवट मनोरुग्णांना आणि अपंगांना निरुपयोगी ठरवून गुपचूप ठार मारीत होती. निष्पाप माणसाला, तो कितीही निरुपयोगी वाटो, ठार मारण्याचा अधिकार कोणालाही नाही, हा त्यांच्या प्रवचनांचा गाभा. त्या प्रवचनांच्या प्रती जर्मनीत हातोहात फिरल्या आणि ब्रिटिश विमानांनी त्यांतील उतारे पत्रकांच्या रूपाने आकाशातून टाकले. ज्या आकाशातून त्यांचे शब्द पडले, त्याच आकाशातून दोन वर्षांनी त्यांच्या कॅथेड्रलवर बाँब पडले. ९ ऑक्टोबर २००५ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना धन्य घोषित केले.

येथे आमचे सेमिनरीतील तत्त्व पुन्हा पुढे येते. दुहेरी परिणामाचे तत्त्व सांगते, की कृती मुळात वाईट नसेल, हेतू चांगला असेल, चांगला परिणाम वाईट परिणामाच्या द्वारा साधला जात नसेल आणि होणारी हानी साध्याच्या मानाने अवाजवी नसेल, तर नकोसा परिणाम सहन करता येतो. श्वाइनफुर्टच्या बेअरिंग-कारखान्यावर नेम धरताना शेजारच्या गल्लीत कोणी मेले, तर हे तत्त्व निदान विचारार्थ मांडता येते. पण कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर नेम धरून कामगारांची घरे पाडावयाची आणि घरातल्यांचा मृत्यू आमच्या हेतूत नव्हता असे म्हणावयाचे, हे शब्दांचे खेळ झाले. तेथे रेल्वे खोळंबण्याचा चांगला परिणाम माणसांच्या हानीतूनच साधावयाचा होता. गालेन यांनी ज्या तत्त्वावर हिटलरला दोषी ठरविले, तेच तत्त्व हिटलरच्या शत्रूंनाही लागू होते. नाहीतर ते तत्त्व न राहता केवळ एका पक्षाचे मत ठरते.

हे शहाणपण आपल्याला आज सुचले आहे असे नाही. सप्टेंबर १९४४ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, जॉन फोर्ड या अमेरिकन येशूसंघीय धर्मगुरूंनी धर्मशास्त्राच्या एका त्रैमासिकात शहरविध्वंसक बाँबफेकीच्या नीतिमत्तेवर दीर्घ निबंध लिहिला. आधुनिक युद्धात सारेच लढवय्ये असतात, या युक्तिवादाला त्यांनी साधे उत्तर दिले. शहरात राहणाऱ्यांच्या व्यवसायांची लांबच लांब यादीच त्यांनी मांडली आणि यांपैकी कोणाला मारणे न्याय्य आहे, असा प्रश्न विचारला. शहरे अशी उद्ध्वस्त करणे हे निरपराधांच्या हक्काचे अनीतिमान उल्लंघन होय, हा त्यांचा निष्कर्ष. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला अँग्लिकन बिशप जॉर्ज बेल यांनी ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात असाच आक्षेप घेतला होता. दोघांचेही त्या वेळी फारसे कोणी ऐकले नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, रहिवाशांसह संपूर्ण शहरांचा सरसकट नाश करणे हा देव व मानव यांच्याविरुद्ध गुन्हा आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले.

निर्णय तर झाला. येथेच लेखणी ठेवली असती, तर तो निबंध सेमिनरीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला असता. पण ज्यांच्याविरुद्ध हा निर्णय जातो त्यांच्याकडे पुन्हा पाहिले, की मन अडखळते.

२० फेब्रुवारी १९४४ रोजी लाइपत्सिगच्या मोहिमेवर एका बी-१७ विमानाचा सहवैमानिक ठार झाला आणि मुख्य वैमानिक गंभीर जखमी होऊन बेशुद्ध पडला. आर्चिबाल्ड मॅथीस हा इंजिनियर आणि वॉल्टर ट्रुएम्पर हा नॅव्हिगेटर, दोघेही मुख्य वैमानिक नव्हेत. तरी त्यांनी ते विमान इंग्लंडपर्यंत आणले. पॅराशूट घेऊन उडी मारा, असे वरिष्ठांनी सांगितले. इतरांनी उड्या मारल्या. पण जखमी वैमानिक अजून जिवंत होता. त्याला टाकून जाण्यास या दोघांनी नकार दिला. उतरण्याचे दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या प्रयत्नात विमान कोसळले आणि दोघेही मृत्यू पावले. जखमी वैमानिकही वाचला नाही. मित्रासाठी प्राण देण्याहून थोर प्रीती नाही, हे प्रभूचे वचन आम्ही दरवर्षी प्रवचनात समजावून सांगतो. या दोघांनी ते विमानाच्या सुकाणूशी बसून पाळले.

मग सांगा, या मुलांना काय म्हणावे? ज्याने आपल्या मित्रासाठी असा प्राण द्यावा, त्यानेच एखाद्या अनोळखी आईच्या घरावर बाँब टाकणाऱ्या दलात उडावे, हे एकाच हृदयात कसे मावते? आम्हांला वाटते, उत्तर कठीण नाही, फक्त अप्रिय आहे. विमानातील नऊ जण त्याला दिसत होते. त्यांचे हसणे, त्यांची भीती, त्यांच्या घरून आलेली पत्रे त्याला माहीत होती. खाली मात्र नकाशा होता. माझा शेजारी कोण, असे त्या शास्त्र्याने प्रभूला विचारले. पंचवीस हजार फुटांवरून त्याचे उत्तर येई: जो माझ्या विमानात आहे तो. शौर्य खरे होते, प्रीतीही खरी होती. पण ती विमानाच्या पत्र्यापाशी संपत होती. आणि प्रामाणिकपणे विचारू, आपली प्रीती तरी किती वेळा आपल्या घराच्या, आपल्या गावाच्या, आपल्या समाजाच्या पत्र्यापलीकडे जाते?

या उंचीवरून आणखी एक मोह होतो, न्यायाधीश होण्याचा. ३ फेब्रुवारी १९४५ रोजी जवळजवळ हजार अमेरिकन विमानांनी बर्लिनवर हल्ला केला. त्यात रोलांड फ्राइस्लर हा हिटलरच्या ‘जनता न्यायालया’चा प्रमुख ठार झाला. याच न्यायाधीशाने येशूसंघीय धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प यांना फाशीची शिक्षा सुनावली होती आणि आदल्याच दिवशी, २ फेब्रुवारीला, ती अमलात आली होती. हे प्रथम वाचले तेव्हा, खोटे कशाला सांगावे, आमच्या तोंडून ‘देवाचा न्याय’ असे शब्द निघाले. पण त्याच दुपारी त्याच बाँबांखाली हजारो सामान्य माणसे मेली. त्यांच्या मरणालाही आपण देवाचा न्याय म्हणणार काय? सिलोहाचा बुरूज ज्यांच्यावर कोसळला ते इतरांहून अधिक पापी होते असे समजू नका, हे प्रभूने पूर्वीच बजावलेले आहे. म्युन्स्टरहून एकटे परतलेले रोझेनथाल त्या दिवशीही होते; त्यांचे विमान पडले आणि ते सोव्हिएत सैन्याकडे पोहोचून वाचले. युद्ध संपल्यावर हे ज्यू वकील न्यूरेंबर्गच्या खटल्यांच्या कामात सहभागी झाले. तेथे आरोपी समोर बसत, त्यांना नाव असे, बचावाला वकील असे. न्याय जमिनीवर आणि समोरासमोर करावयाचा असतो.

पण उंची केवळ फुटांत मोजावयाची नसते, हेही याच इतिहासाने आम्हांला शिकविले. ऑगस्ट १९४४ मध्ये पाडलेल्या एका अमेरिकन विमानातील आठ कैद्यांना आगगाडीने बंदिछावणीकडे नेले जात होते. २६ ऑगस्टला रुसेल्सहाइम गावाजवळ लोहमार्ग उखडलेला असल्याने त्यांना गावातून पायी चालविण्यात आले. आदल्या रात्री ब्रिटिश विमानांनी ते गाव भाजून काढले होते. या आठ जणांचा त्या हल्ल्याशी काही संबंध नव्हता. पण जमाव धावून आला. दगड, विटा, काठ्या, हातोडे. सहा जण मेले, दोघे कसेबसे वाचले. मारणाऱ्यांत बायकाही होत्या, ज्यांची घरे रात्री जळली होती अशा. ज्याचे जळते त्याला कळते हे खरे. पण ज्याचे जळते त्याला समोरचा चेहराही दिसेनासा होतो. हातभर अंतरावरूनही त्यांना माणूस दिसला नाही. दिसले ते फक्त ‘बाँबवाले’. म्हणजे द्वेषही माणसाला पंचवीस हजार फुटांवर नेऊन बसवितो.

याउलट घडलेली एक घटना सांगतो. २० डिसेंबर १९४३ रोजी ब्रेमेनवरून परतणारे एक बी-१७ विमान छिन्नभिन्न अवस्थेत एकटे मागे पडले होते. वैमानिक चार्ली ब्राऊन एकवीस वर्षांचा. मागचा गनर ठार झालेला, बाकीच्यांपैकी बरेच जखमी. फ्रान्झ स्टिग्लर हा जर्मन लढाऊ वैमानिक त्याच्या मागावर उडाला. कॅथलिक घरात वाढलेला हा माणूस. त्याचा भाऊ, तोही वैमानिक, युद्धात गेलेला. आणखी एक बाँबफेकी विमान पाडले असते तर त्याला मोठे पदक मिळाले असते. तो जवळ आला. मागच्या बंदुका का गप्प आहेत म्हणून आणखी जवळ आला. फाटलेल्या पत्र्यातून त्याला आतली माणसे दिसली. जखमी सोबत्याचे रक्त थांबविण्यासाठी धडपडणारी. पॅराशूटने उतरणाऱ्यावर कधीही गोळी झाडू नये, असे त्याच्या जुन्या वरिष्ठाने त्याला शिकविले होते. ही माणसे त्याला तशीच वाटली. त्याने बोट चापावरून काढले, त्या विमानाच्या बाजूने उडत त्याला समुद्रापर्यंत नेले, सलाम केला आणि तो वळला. हे उघड झाले असते तर त्याच्या जिवावर बेतले असते. १९९० साली हे दोघे म्हातारे एकमेकांना भेटले आणि २००८ साली दोघेही देवाघरी गेले.

या गोष्टीला आम्ही गोड करू इच्छीत नाही. स्टिग्लर दुष्ट राजवटीचा सैनिक होता आणि पुढेही लढत राहिला. ब्राऊनही पुन्हा मोहिमांवर गेला. त्या मोहिमांचे बाँब कोणावर तरी पडलेच असतील. त्या एका दयेने युद्ध एक दिवसही आधी संपले नाही. पण दाखल्यातील याजक आणि लेवी यांनीही जखमी माणूस पाहिला होता. ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. शोमरोनी जवळ गेला, एवढाच त्यांच्यातील पहिला फरक. बाकी सारे, तेल, द्राक्षरस, उतारशाळेचे पैसे, त्यानंतर आले. आणि आपला देव तरी काय करिता झाला? तो उंचावरून आपल्याला न्याहाळीत राहिला नाही. तो गव्हाणीपर्यंत खाली आला.

त्या तरुणाला आम्ही पुन्हा बोलावून घेतले. आधीचे उत्तर अपुरे होते, हे प्रथम कबूल केले. मग म्हणालो, “बाळा, तू त्या वैमानिकांसाठी रडलास ते योग्यच केलेस. ते अश्रू मागे घेऊ नकोस, खालच्यांपर्यंत पोहोचू दे.” नोकरीविषयी आम्ही त्याला हुकूम दिला नाही. देशाच्या संरक्षणाचे काम पाप आहे, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. पण त्या कंपनीला तीन प्रश्न विचारण्यास आम्ही सांगितले. हे यंत्र कोणाला विकले जाणार? लक्ष्य कोण ठरविणार? आणि चूक झाली तर ती माझी होती, असे म्हणणारा माणूस कोण? या प्रश्नांना उत्तर मिळत नसेल, किंवा विचारल्याबद्दल तुझ्याकडे वाकड्या नजरेने पाहिले जात असेल, तर तेही एक उत्तरच समज. त्याच्या वडिलांना आमचे हे बोलणे रुचले नाही. पगार तुम्ही देणार का फादर, असे त्यांनी आम्हांला मिस्सानंतर विचारले. त्यांचा प्रश्न अन्यायाचा नव्हता आणि आमच्यापाशी त्याला उत्तर नव्हते. मुलाने अद्याप आपला निर्णय सांगितलेला नाही.

परंतु तो एकदा कार्यालयात येऊन गेला. नोव्हेंबर महिना जवळ येत होता. मृतांसाठी मिस्सांचे हेतू लिहून घेण्याचे काम चालू होते. त्यालाही एक हेतू लिहावयाचा होता. आजोबांचे नाव असेल असे समजून आम्ही वही पुढे सरकवली. त्याने बराच वेळ विचार करून लिहिले: ‘दिनांक १० ऑक्टोबर १९४३ रोजी म्युन्स्टर येथे विमानांत आणि घरांत मरण पावलेल्या सर्वांसाठी.’

दोघांसाठी वेगवेगळ्या मिस्सा लिहू का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “नको फादर, एकच.”